तात्यांची दीड एकर, आठ किलोमीटरचा नियम आणि तीन वर्षांची टॅक्स केस

गावाकडची शेतजमीन विकली तर टॅक्स लागतो का, हे मला आता सारखं कुणी ना कुणी विचारत असतं, कारण आमच्या तात्यांची केस सगळ्या पाहुण्यारावळ्यांत माहीत झालीय. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते, ज्याला लागेल त्याला उपयोग होईल. मी सीए नाही, वकील नाही, पण ही केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत मीच सांभाळली, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरचा प्रत्येक कागद माझ्या हातून अपलोड झालाय.

तात्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. पेन्शन, थोडी एफडी, आणि आजोबांकडून आलेली दीड एकर जमीन, सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात, विट्याच्या पुढे रोडला लागून. तिथं आमची डाळिंबाची बाग होती. तेल्या रोग पडला, दोन-तीन हंगाम औषधं मारून मारून माणूस थकला, शेवटी बाग काढून टाकली, त्यात २०१८ चा दुष्काळ, टेंभू योजनेचं पाणी आमच्या तुकड्यापर्यंत तेव्हा नीट येत नव्हतं, आणि तात्यांचं वय झालेलं. मग २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जमीन विकली. घेणारा गावचाच, गलाईवाला. आमच्या भागातली भरपूर माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत आणि पैसा आला की गावात जमीन घेतात. त्या वर्षी कोरोनामुळे सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर स्टँप ड्युटी कमी केली होती त्यामुळे लोक दस्त उरकायच्या घाईतच होते. ४८ लाखाला सौदा झाला, सगळे पैसे बँकेतून, एक रुपया रोख नाही, आणि रेडी रेकनरचा दर त्याच्यापेक्षा खालीच होता.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते कारण पूर्ण भांडण त्याच्यावरच झालं. इन्कम टॅक्सच्या १९६१ च्या कायद्यात कलम २(१४) आहे, त्यात ग्रामीण भागातली शेतजमीन ही कॅपिटल अॅसेट धरत नाहीत. म्हणजे ती विकून आलेल्या पैशावर कॅपिटल गेन, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावरचा टॅक्स, लागतच नाही. पण ग्रामीण म्हणजे कुठली? जवळच्या नगरपालिकेची लोकसंख्या १० हजारांच्या वर आणि १ लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून २ किलोमीटरच्या बाहेर पाहिजे, १ लाख ते १० लाख असेल तर ६ किलोमीटरच्या बाहेर, आणि १० लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटरच्या बाहेर. लोकसंख्या शेवटच्या प्रसिद्ध झालेल्या जनगणनेची, म्हणजे आपल्याकडे अजून २०११ ची. आणि अंतर रस्त्याने नाही, सरळ रेषेत, हवाई. हे सगळं असेसमेंट इयर २०१४-१५ पासून असं आहे, त्याच्या आधी सरकारच्या नोटिफिकेशनमध्ये गावागावाची वेगवेगळी अंतरं असायची आणि कमाल मर्यादा ८ किलोमीटर होती. तो ८ चा आकडा लोकांच्या डोक्यात असा पक्का बसलाय की आजही कुणालाही विचारा, शेतकऱ्याला विचारा नाहीतर ऑफिसात विचारा, आठ किलोमीटरच सांगतात.

विट्याची लोकसंख्या २०११ ला १ लाखाच्या बरीच आत आहे. म्हणजे आम्हाला २ किलोमीटरचा नियम. आमची जमीन विटा नगरपरिषदेच्या हद्दीपासून सरळ रेषेत ४ किलोमीटरच्या वर. सांगलीची महानगरपालिका तर कुठल्या कुठे लांब. त्यामुळे दस्त करायच्या आधीच तात्यांनी सांगलीच्या एका सीए सरांना विचारून घेतलं होतं, त्यांनी सांगितलं गुरुजी टॅक्स नाही, आणि त्याप्रमाणे पेन्शनचं रिटर्न नेहमीसारखं भरलं गेलं.

२०२२ च्या जूनमध्ये १४३(२) ची नोटीस आली. गावात लगेच झालं की मास्तरांना ऑडिट लागलं. ते ऑडिट नाही, टॅक्स ऑडिट वेगळं, ते धंदेवाल्यांना ४४एबी खाली स्वतः सीएकडून करून घ्यावं लागतं. हे स्क्रुटिनी असेसमेंट, म्हणजे भरलेल्या रिटर्नची खात्याने केलेली तपासणी. कंप्युटर काही निकषांवर रिटर्न निवडतो, आणि रजिस्ट्रार ऑफिसकडून तेव्हा ३० लाख आणि त्यावरच्या प्रत्येक खरेदी-विक्रीची माहिती खात्याकडे आपोआप जायची, ती एआयएसमध्ये, म्हणजे आपल्या व्यवहारांची खात्याकडे जी यादी असते तिच्यात, दिसायची. रिटर्नमध्ये विक्री नाही आणि एआयएसमध्ये ४८ लाख, म्हणून नाव निघालं. नोटिशीवर लिहिलेलं, लिमिटेड स्क्रुटिनी, स्थावर मालमत्तेची विक्री. हे बघणं महत्त्वाचं आहे, लिमिटेड असेल तर त्याच मुद्द्यापुरतं विचारतात. दुसरं म्हणजे नोटिशीवर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख नंबर असतो, पोर्टलवर टाकून ती खरी आहे का बघता येतं, कारण हल्ली खोट्या नोटिशीही मेलवर येतात आणि म्हातारी माणसं घाबरून पैसे पाठवतात.

तात्या घाबरले नाहीत पण दुखावले. पस्तीस वर्षं पगारातून टॅक्स कापून गेला, कधी एक पावती खोटी जोडली नाही, असा माणूस. ते एवढंच म्हणाले, "मला का विचारतायत ते मला कळलं पाहिजे." मग मी त्यांना रात्री फोनवर कायद्याचं कलम मराठीत समजावून सांगायचे आणि ते वहीत लिहून घ्यायचे, मास्तरांच्या अक्षरात, समास सोडून.

पुढे १४२(१) ची नोटीस, प्रश्नांची यादी. खरेदीखत, सातबारा, बँक स्टेटमेंट, जमीन शेतीची आहे याचा पुरावा, नगरपालिकेपासून अंतराचा पुरावा. सगळं फेसलेस. समोरचा अधिकारी कुठल्या शहरात बसलाय, नाव काय, काही कळत नाही, तुम्ही पोर्टलवर टाकायचं आणि वाट बघायची. याचा चांगला भाग असा की कुणाच्या केबिनबाहेर बसावं लागत नाही आणि कुणी काही मागत नाही, हे मी मनापासून सांगते. पण वाईट भाग असा की समोरच्याला सातबारा म्हणजे काय हेच माहीत नसण्याची शक्यता असते. आमचे सगळे कागद मराठीत, ते इंग्रजीत करून, शिक्के मारून परत टाकावे लागले.

सातबाऱ्यावर थोडं जास्त लिहिते कारण खरी मारामारी इथं झाली. विक्रीच्या आधीच्या दोन वर्षांच्या पीकपाहणीत आमची जमीन पडीक लागलेली होती. बाग काढलेली, पाऊस नाही, पेरणार काय. अधिकाऱ्याने तेच पकडलं की शेती होत नव्हती म्हणजे ही शेतजमीन नाही, घेणाऱ्याला पुढे बिगरशेती करायची असणार. मग आम्ही मागची दहा वर्षं उकरली. तलाठी कार्यालयातून जुने सातबारे काढले, त्यात डाळिंब, त्याच्या आधी ज्वारी, हरभरा. विकास सोसायटीचं पीककर्ज आणि ते फेडल्याचा दाखला. विहिरीवरच्या शेतीपंपाची महावितरणची बिलं. शेतसाऱ्याच्या पावत्या. बाग होती त्या वर्षांची रिटर्न्स, त्यात शेती उत्पन्न दाखवलेलं. आई तर बाग काढली तेव्हाची रोहयोच्या बाईंनी काढलेली फोटोची प्रिंट घेऊन आली, वाळलेल्या झाडांचा ढीग आणि मागे आमचा गोठा. खरेदीखतात पण स्पष्ट लिहिलेलं की शेतजमीन, आणि आपल्याकडे कूळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेताच येत नाही, घेणाऱ्याचा शेतकरी असल्याचा दाखला दस्ताला जोडलेला होता. बिगरशेतीचा आदेश आमच्या नावावर कधी झाला नाही, अर्जसुद्धा नाही.

अंतराचा पुरावा मात्र वेळेत पूर्ण मिळाला नाही. ग्रामपंचायतीचा दाखला मिळाला, तलाठ्याचा मिळाला, पण त्यात "अंदाजे" आणि "रस्त्याने" असे शब्द. हवाई अंतर लिहून देणारं ऑफिस कुठलं हेच कुणाला सांगता येईना. एका टेबलवरून दुसऱ्या टेबलवर. शेवटी आम्ही खाजगी सर्व्हेअर लावून गट नंबरच्या कोपऱ्यांचे जीपीएस रीडिंग घेतले, हद्दीचा नकाशा घेतला आणि दोन्ही एकत्र करून रिपोर्ट टाकला.

डिसेंबरमध्ये शोकॉज, म्हणजे कारणे दाखवा नोटीस आली, त्यात लिहिलेलं जमीन नगरपालिकेपासून ८ किलोमीटरच्या आत असल्यामुळे कॅपिटल अॅसेट आहे. मी ते वाचून सीए सरांना लगेच फोन लावला, म्हटलं सर हे तर १० लाखांच्या वरच्या शहराचं अंतर आहे. ते म्हणाले ताई, तेच आपण उत्तरात पहिल्या पानावर मोठ्ठं लिहू. लिहिलं, लोकसंख्येचा जनगणनेचा तक्ता जोडला. व्हिडिओ कॉन्फरन्सने सुनावणी मागितली, मागितली तर द्यावी लागते. सुनावणीत सीए सर बोलले, बाजूला तात्या पांढरा सदरा घालून ताठ बसलेले. त्यांना बोलायला मिळालं नाही फारसं, पण एक वाक्य ते हिंदीत बोलले की साहब वहाँ आज भी बैल चलते हैं. पलीकडून ठीक आहे, नोंद घेतली असं उत्तर.

डिसेंबरच्या शेवटी ऑर्डर आली, आमच्या विरोधात. त्यात सुप्रीम कोर्टाचा १९९३ चा सरिफाबीबी खटला लावलेला, त्यात जमीन शेतीची आहे की नाही हे ठरवायच्या कसोट्या आहेत, आणि त्यातल्या चार-पाच आमच्या विरोधात धरल्या, बाकीच्यांबद्दल अक्षर नाही. २ किलोमीटरच्या मुद्द्यावर एक ओळ, की करदात्याने सक्षम प्राधिकाऱ्याचा दाखला दिलेला नाही. २००१ ची किंमत एकरी ८० हजार धरली, ३०१ च्या महागाईच्या इंडेक्सने वाढवून साधारण ३ लाख ६१ हजार खर्च दिला आणि बाकी ४४ लाखांच्या वर सगळा गेन. त्यावर २० टक्के, सेस, आणि २३४बी खाली महिन्याला १ टक्का व्याज, एप्रिल २०२१ पासून मोजलेलं. सगळं मिळून ११ लाखांच्या वर डिमांड, म्हणजे भरायची मागणी. शिवाय २७०ए खाली दंडाची वेगळी नोटीस, त्यात कमी उत्पन्न दाखवलं म्हणून टॅक्सच्या ५० टक्के आणि चुकीचं दाखवलं असं धरलं तर २०० टक्के.

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. जमिनीचे पैसे तेव्हा जसेच्या तसे नव्हतेच, भावाच्या घराला लागले होते, आत्याला तात्यांनी आपण होऊन काही दिले होते, राहिलेले एफडीत.

अपीलची मुदत ३० दिवस असते, डिमांड नोटीस मिळाल्यापासून, आणि ही मुदत कुणीही हलक्यात घेऊ नये. फॉर्म ३५ ऑनलाइन भरायचा, फी आमच्या केसमध्ये १ हजार रुपये. सोबत स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स, म्हणजे घडलेली हकीकत, आणि ग्राउंड्स, म्हणजे अपीलचे मुद्दे. सीए सरांनी ग्राउंड्स थोडे ठेवले आणि पहिला ग्राउंड अंतराचा. मला ते फार आवडलं, कारण बाकी शेती होती की नव्हती यावर दोन मतं होऊ शकतात पण जनगणनेचा आकडा आणि किलोमीटर यावर दोन मतं होत नाहीत.

अपील केलं म्हणजे वसुली थांबते असं नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यासाठी वेगळा स्टेचा, म्हणजे वसुलीला स्थगितीचा अर्ज आपल्या भागाच्या अधिकाऱ्याकडे करावा लागतो. सीबीडीटीच्या, म्हणजे खात्याच्या वरच्या केंद्रीय मंडळाच्या, ३१ जुलै २०१७ च्या सूचनेप्रमाणे वादातल्या रकमेच्या २० टक्के भरले की पहिल्या अपीलचा निकाल लागेपर्यंत बाकीची वसुली थांबवतात. एफडी मोडून सव्वादोन लाखांच्या आसपास भरले. दंडाची कारवाई अपीलचा निकाल लागेपर्यंत थांबवा असं उत्तर दिलं, ते मान्य झालं.

आता दाखला. हा माझ्या दृष्टीने सगळ्या केसचा कणा. मी सुट्ट्या टाकून पुण्याहून विट्याला जायचे, तात्यांना बरोबर घेऊन. नगरपरिषदेला लेखी अर्ज, की तुमच्या हद्दीचा मंजूर नकाशा आणि अमुक गटापासून तुमच्या हद्दीच्या सगळ्यात जवळच्या बिंदूपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर लिहून द्या. उत्तर नाही. मग भूमी अभिलेखला, तिथं म्हणाले आम्ही मोजणी करतो, अंतराचा दाखला देत नाही. मग आम्ही मोजणीचाच अर्ज केला, घेणाऱ्याची परवानगी घेऊन, त्यानेही बिचाऱ्याने लगेच सही दिली. मोजणीची क प्रत आली आणि ती जोडून नगरपरिषदेकडे परत अर्ज, सोबत माहिती अधिकाराचाही. शेवटी तिथल्या एका इंजिनिअरने स्वतः लक्ष घातलं, नकाशा टेबलवर पसरला, पट्टी ठेवली, कंप्युटरवर ताळा केला आणि तात्यांना म्हणाला, "गुरुजी, चार पॉइंट दोन किलोमीटर, बसा, चहा घ्या, लेटर करून देतो." तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लेटर, जावक नंबर आणि शिक्क्यासकट, मी फोनमध्ये, मेलमध्ये, पेन ड्राइव्हवर सगळीकडे ठेवलं.

हा पुरावा ऑर्डरच्या नंतरचा, म्हणून अपीलमध्ये नियम ४६ए खाली अर्ज करावा लागला, की आधी प्रयत्न करूनही हा मिळाला नव्हता, त्या प्रयत्नांचे अर्ज जोडले. प्रत्येक अर्जाची पोच आम्ही घेतलेली होती ते इथं कामाला आलं. अपील अधिकाऱ्याने तो खालच्या अधिकाऱ्याकडे रिमांड रिपोर्टसाठी, म्हणजे त्यावर त्याचं म्हणणं मागवायला, पाठवला.

मग नुसती वाट. २०२३ गेलं, २०२४ आलं. मध्येच एफडीवरच्या टीडीएसचा छोटा रिफंड होता तो पण डिमांडमध्ये वळता करायची २४५ ची सूचना आली, त्याला स्टेची ऑर्डर जोडून विरोध नोंदवला.

१ ऑक्टोबर २०२४ पासून विवाद से विश्वास योजना आली. २२ जुलै २०२४ ला अपील प्रलंबित असेल तर आमच्यासारख्यांनी फक्त वादातला टॅक्स भरायचा, व्याज आणि दंड माफ. म्हणजे आम्हाला ९ लाखांच्या थोडं वर पडत होते, त्यात २० टक्के भरलेलेच. भाऊ म्हणाला भरून टाकू, तात्यांचं बीपी वाढतंय, म्हातारपणी कशाला. त्याचं चूक नव्हतं, मी पण एक-दोन रात्री त्याच विचारात होते. सीए सर म्हणाले केस मजबूत आहे, पण निर्णय तुमचा. तात्या म्हणाले, "देणं असतं तर नोटीस यायच्या आधी भरलं असतं. देणं नाही, तर माफी कसली घ्यायची?" विषय संपला. मला वाटतं ही योजना ज्यांची बाजू लंगडी आहे किंवा कागद हरवलेत त्यांना खरंच चांगली होती, पण ज्याच्या हातात ४.२ किलोमीटरचं लेटर आहे त्याने घ्यायची नव्हती.

२०२५ च्या जुलैमध्ये अपीलचा निकाल लागला. रिमांड रिपोर्टमध्ये अंतरावर काही हरकत घेतलेली नव्हती. अपील अधिकाऱ्याने लिहिलं की जनगणनेप्रमाणे २ किलोमीटरचाच निकष लागू होतो, जमीन त्याच्या बाहेर आहे, दोन वर्षं पीक नव्हतं म्हणून जमिनीचं शेतीचं स्वरूप बदलत नाही, त्यामुळे कॅपिटल अॅसेट नाही, पूर्ण वाढ रद्द. मी तात्यांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले परत वाच. परत वाचलं.

पण निकाल लागला म्हणजे पोर्टलवरची डिमांड जात नाही, खालच्या अधिकाऱ्याने त्याप्रमाणे परिणाम देणारी ऑर्डर काढावी लागते. त्यासाठी अर्ज, आठवण, मग पोर्टलवर ग्रीव्हन्स, म्हणजे तक्रार टाकली, तेव्हा हलली. दंडाची कारवाई पण बंद झाली. खातं ट्रिब्युनलला, म्हणजे वरच्या अपीलला, जाईल का ही धास्ती होती, पण सप्टेंबर २०२४ पासून टॅक्सची रक्कम ६० लाखांच्या आत असेल तर खातं साधारणपणे तिकडे अपील करत नाही, काही अपवाद सोडून. आमचं त्याच्या जवळपासही नाही.

आणखी एक, १ एप्रिल २०२६ पासून नवा इन्कम टॅक्स कायदा लागू, त्यात कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे वर लिहिलेले नंबर जुन्या वर्षांच्या केससाठीच धरा. जमीन विकायची असेल तर दस्ताच्या आधीच हवाई अंतराचं पत्र काढा, विकल्यावर त्या गटावर आपलं नाव राहत नाही आणि मग प्रत्येक ऑफिसात घेणाऱ्याची सही मागतात.

भरलेले सव्वादोन लाख ऑक्टोबरमध्ये परत आले, २४४ए खाली महिन्याला अर्धा टक्का व्याजासकट, ते पस्तीस हजारांच्या पुढे आहे. हे व्याज करपात्र असतं, इतर उत्पन्नात दाखवावं लागतं. तात्यांनी वहीत आत्ताच लिहून ठेवलंय, पुढच्या रिटर्नसाठी.